कर्नल फ्रान्सिस व्हिगो

ज्या संत फ्रान्सिस झेवियर यांचा पवित्र देह गोमंतकांत आहे, त्यांच्याच नांवाचें एक जुनें देवालय अमेरिकेंत, इंडियाना संस्थानांतील व्हिन्सेन्स नगरांत वाबाश नदीच्या कांठीं आहे. १८१० पासून १८२१ पर्यंत त्या देवालयाचा विश्वस्त असलेला कर्नल फ्रान्सिस व्हिगो हा जन्मानें इटालियन होता.

इटलींतील मोंडोवी गांवीं १७४७ सालीं त्याचा जन्म झाला. तरुणपणीं तो स्पेनच्या सैन्यांत शिरला व त्या चाकरीनें न्यू ऑर्लीन्सला पोहोंचला. पुढें सैन्य सोडून सेंट लुई येथें त्यानें केसाळ कातड्यांचा व्यापार आरंभिला आणि पुष्कळ धन मिळविलें.

इतक्यांत अमेरिकेचें स्वातंत्र्ययुद्ध पेटलें. १७७८ सालीं जॉर्ज रॉजर्स क्लार्क यानें पश्चिमेकडील ठाणीं इंग्रजांकडून घेतलीं. फादर पिएर जिबो यांनीं व्हिन्सेन्सच्या फ्रेंच कॅथलिकांस त्याच्या बाजूस वळविलें. परंतु क्लार्कजवळ पैसा नव्हता. व्हिगोनें त्याची ८,६१६ डॉलरांची हुंडी घेतली व रक्कम पुरविली.

त्याच डिसेंबरांत व्हिन्सेन्सला सामानसुमान पोहोंचवावयास निघालेला व्हिगो वाटेंत पकडला गेला, कारण तें ठाणें इंग्रज अधिकारी हॅमिल्टन यानें परत घेतलें होतें. व्हिगो स्पेनचा प्रजाजन. सेंट लुईस जातांना वाटेंत इंग्रजांचें अहित करणार नाहीं, असें वचन घेऊन त्यास सोडण्यांत आलें, असें सांगतात. तो सरळ सेंट लुईस गेला, आणि लागलाच परत फिरून कॅस्कास्किया येथें क्लार्कला शत्रूच्या बळाची खबर दिली. कोणी ह्यास शब्दच्छल म्हणेल. पण दिलेलें वचन त्यानें अक्षरशः पाळलें होतें, आणि त्यापुढें तो बांधलेला नव्हता, असें आम्हांस वाटतें. सुमारें १७० माणसें घेऊन, पुराच्या गार पाण्यांतून वाट काढीत क्लार्क निघाला. त्यांत जवळजवळ निम्मे फ्रेंच होते. २५ फेब्रुवारी १७७९ रोजीं किल्ला शरण आला.

युद्धानंतर व्हिगो व्हिन्सेन्स येथें राहिला, अमेरिकन नागरिक झाला व एलिझाबेथ शॅनन हिच्याशीं विवाहबद्ध झाला. प्रसंग पडल्यास शस्त्र धरणाऱ्या गांवकऱ्यांच्या पथकांस तिकडे मिलिशिया म्हणतात. नॉक्स परगण्याच्या मिलिशियाचा तो कर्नल झाला. १८१८ सालीं एका नव्या परगण्यास त्याचें नांव देण्यांत आलें.

हुंडी मात्र पटली नाहीं. अर्ज झाले, वर्षें गेलीं, धंदा बसला. ज्याच्या पैशानें ठाणें राखलें गेलें तो म्हातारपणीं दरिद्री झाला, मूलबाळही नव्हतें. तरी मृत्युपत्रांत त्यानें लिहून ठेविलें कीं, हें येणें कधीं वसूल झालें, तर त्यांतून ५०० डॉलर आपल्या नांवाच्या परगण्याच्या न्यायकचेरीस घंटेकरितां द्यावे. २२ मार्च १८३६ रोजीं तो वारला.

मुद्दल व व्याज मिळून ४९,८९८ डॉलर सरकारनें १८७६ सालीं वारसांस दिले. पुढें टेर होट येथील न्यायकचेरीच्या मनोऱ्यांत त्याची घंटा चढली.