पानिपतानंतरचे पाच महिने : नानासाहेब पेशव्यांचं मन कसं खचलं?

पुणे : शनिवार पेठेत शनिवारवाडा बघायला गेलेला माणूस दिल्ली दरवाजातून आत शिरतो, कारंजाची जागा बघतो, नारायणरावांच्या खुनाची गोष्ट ऐकतो आणि बाहेर पडतो. पण याच वाड्यात राहून 21 वर्षं पेशवेपद सांभाळणाऱ्या नानासाहेबांचा शेवट कसा झाला, हे फार थोड्यांना माहीत असतं.

बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब हे पहिल्या बाजीरावांचे थोरले चिरंजीव. जन्म 1720 चा. 1740 मध्ये नर्मदाकाठी रावेरखेडीला बाजीराव गेले आणि शाहू महाराजांनी पेशवाईची वस्त्रं नानासाहेबांना दिली. तेव्हा वय अवघं 19 वर्षांचं. वडील तलवारीचे, तर हे हिशेबाचे आणि लेखणीचे. सारा, कर्ज, सरदारांची देणीघेणी यात त्यांचं डोकं तल्लख चालायचं. कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी दगडी नळातून पुण्याच्या हौदांपर्यंत आणलं, ते त्यांच्याच काळात. पर्वतीवरचं देऊळही त्यांनीच बांधलं. 1758 मध्ये मराठी फौजा अटकेपर्यंत पोचल्या, तेव्हा पेशवे तेच होते.

मग 14 जानेवारी 1761 आली. पानिपतावर थोरला मुलगा विश्वासराव पडला, वय 18. चुलत भाऊ सदाशिवरावभाऊ गेले. हजारो माणसं एका दिवसात संपली. नानासाहेब तेव्हा मदतीची फौज घेऊन उत्तरेकडे निघाले होते. सावकारी पत्रातून, सांकेतिक शब्दांत, ही बातमी वाटेतच त्यांच्या हातात पडली.

तब्येत आधीच खालावलेली होती, त्यात हा घाव. पुण्याकडे परतताना माणूस वाळत गेला, मन ताळ्यावर राहिलं नाही. बुद्धीची शक्ती झपाट्याने कमी झाली, असं ग्रँट डफ या स्कॉटिश इतिहासकारानेही 1826 च्या आपल्या ग्रंथात नोंदवलं आहे. 23 जून 1761 ला पर्वतीवर त्यांनी प्राण सोडला. वय फक्त 40. गादीवर आले 16 वर्षांचे माधवराव, आणि कारभार कोणाच्या हातात राहायचा यावरून काका राघोबादादांशी वाद पेटला.

हा आजच्या भाषेतला अल्झायमर होता का? लक्षणं बघता तसं वाटत नाही. अल्झायमर दबक्या पावलाने येतो, वर्षानुवर्षं वाढतो आणि बहुतेक वेळा पासष्टीनंतर दिसतो. इथं सगळं पाच महिन्यांत झालं. मोठं दुःख आणि अंगातलं दुखणं एकत्र आलं, की चांगल्या माणसाचंही डोकं चालेनासं होतं.

त्या काळी हा फरक ओळखायला वैद्याकडे काही साधन नव्हतं. जर्मनीत डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी 1906 मध्ये या आजाराची माहिती मांडली, तीसुद्धा रोगी बाई वारल्यावर तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासून. त्यात दोन गोष्टी दिसल्या : पेशींच्या बाहेर साचलेली पुटं आणि पेशींच्या आत झालेला धाग्यांचा गुंता. पुटं अमायलॉइड या प्रथिनाची, गुंता टाऊ या प्रथिनाचा.

आता याच प्रथिनांचा अंश हातातल्या शिरेच्या रक्तात मोजता येतो. पी-टाऊ 217 हे त्यातलं महत्त्वाचं नाव. मे 2025 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा पहिल्या रक्तचाचणीला मान्यता दिली. ती 55 वर्षांवरच्या, विसरण्याचा त्रास सुरू झालेल्या माणसांसाठी आहे. धडधाकट माणसाने हौस म्हणून करायची ही चाचणी नव्हे. आणि एकट्या रक्तावरून निदान होत नाही, डॉक्टरांची तपासणी लागतेच.

गावाकडे आजही म्हातारा विसरायला लागला की साठी बुद्धी नाठी म्हणून सोडून देतात. पण विसरण्यामागे बी-12 ची कमतरता, थायरॉइड, वाढलेली किंवा उतरलेली साखर, एखादं चालू औषध किंवा मनाला बसलेला धक्काही असू शकतो. पोरगा गेला, बायको गेली, आणि बाबा गप्प झाले, पैसे कुठं ठेवले ते आठवेना, अशी घरं प्रत्येक गावात आहेत. यातल्या बऱ्याच कारणांवर इलाज आहे, पण तो वेळेत व्हायला हवा. अल्झायमर निघालाच, तर तो पुरता बरा होत नाही. तरीही लवकर कळलं तर सातबारा, बँक, सह्या हे सगळं माणूस शुद्धीत असताना, त्याच्या मर्जीने मार्गी लागतं.

पेशव्यांच्या घरात ती सवड मिळाली नाही. मुठेकाठी नानासाहेबांची समाधी आहे. शनिवारवाडा बघून झाल्यावर तिथंही जरूर जावं.