एंगल्सची खतावणी

दौंडला लाल बावटा नवा नाही. जंक्शन म्हटले की लोको शेड आली आणि लोको शेड म्हटली की युनियन आलीच. १९७४ च्या मे महिन्यातला वीस दिवसांचा रेल्वे संप मला शाळकरी वयातला आठवतो. त्या संपात होरपळलेल्यांपैकी एक अण्णा पुढे, मी बँकेत अधिकारी झाल्यावर, आमच्या शाखेत पेन्शनसाठी येत. एकदा त्यांनी पिशवीतून एक लखोटा काढून माझ्या टेबलावर ठेवला. वडिलांच्या पश्चात एका कापड गिरणीचे थोडे शेअर त्यांच्या नावावर चढले होते, त्यांची ती डिव्हिडंड वॉरंटे. एकही वटवलेले नाही. दुसऱ्यांच्या घामाचा पैसा आपण घ्यायचा नाही, असा त्यांचा निश्चय. त्यांना एवढेच हवे होते की न घेतलेला हा पैसा जातो कुठे. मी नियम सांगितला. काही वर्षे तो कंपनीच्या एका खात्यात पडून राहतो आणि मग सरकारजमा होतो. गिरणीच्या कामगारांना परत मिळत नाही का, असे त्यांनी विचारले. नाही, असे मला सांगावे लागले. अण्णा बराच वेळ लखोट्याकडे बघत बसले.

त्यांच्या घरात मार्क्सच्या शेजारी ज्याची तसबीर होती, त्या दुसऱ्या दाढीवाल्याने हाच प्रश्न जन्मभर अंगावर वागवला, हे मला फार नंतर वाचनातून कळले.

फ्रेडरिक एंगल्सचा जन्म २८ नोव्हेंबर १८२० चा, प्रशियातल्या बार्मेन गावचा. वडील सूतगिरणीचे मालक, कर्मठ धार्मिक. थोरला मुलगा क्रांतीच्या नादी लागतो आहे हे पाहून त्यांनी त्याला १८४२ मध्ये मँचेस्टरला धाडले. तिथे ‘एर्मन अँड एंगल्स’ या सूत आणि शिलाईचा दोरा करणाऱ्या पेढीत त्यांची भागी होती. मुलगा धंदा शिकेल आणि ताळ्यावर येईल, असा हिशेब. झाले उलटेच. दिवसा पेढीत बसणारा हा तरुण संध्याकाळी मेरी बर्न्स या आयरिश कामकरी मुलीबरोबर मजूरवस्त्यांतून हिंडू लागला. त्यातून १८४५ मध्ये इंग्लंडमधल्या कामगारांच्या स्थितीवरचे त्याचे पुस्तक निघाले. गिरणीमालकाच्या मुलाने गिरणीमालकांवर भरलेला तो खटलाच होता.

१८४८ चा जाहीरनामा, जर्मनीतला उठाव, त्यात एंगल्सने प्रत्यक्ष हाती धरलेली बंदूक, मग पराभव आणि परागंदा होणे, हा सारा इतिहास वाचकांना माहीत आहे. मला त्यापुढची वीस वर्षे अधिक महत्त्वाची वाटतात, कारण त्यांत काहीच रोमहर्षक नाही. मार्क्स लंडनमध्ये बायकामुलांसह कर्जात बुडालेला. कोणीतरी कमावल्याशिवाय त्याचा ग्रंथ पुरा होणार नव्हता. १८५० च्या अखेरीस एंगल्स मँचेस्टरला परतला आणि ज्या खुर्चीचा त्याला तिटकारा होता तिच्यावर जाऊन बसला. पत्रव्यवहार पाहणारा कारकून म्हणून.

या माणसाने आयुष्याचे दोन भाग केले होते. व्यापाऱ्यांना दाखवायला एक बिऱ्हाड, मेरी आणि तिची बहीण लिझी यांच्याबरोबर राहायला दुसरे. तो उमरावांबरोबर घोड्यावरून कोल्ह्यांच्या शिकारीला जाई आणि रात्री बसून मार्क्सच्या नावावर ‘न्यूयॉर्क डेली ट्रिब्यून’साठी लेख लिही. १८५७ च्या आपल्याकडच्या उठावावर, दिल्ली-लखनौच्या वेढ्यांवर त्याने लिहिलेले लेख त्यातलेच. लंडनला पैसे पाठवताना तो पाच पौंडांच्या नोटा मधोमध कापून अर्धी नोट एका पाकिटातून आणि अर्धी दुसऱ्यातून रवाना करी. टपालातल्या चोरीवर हा उपाय.

जानेवारी १८६३ मध्ये मेरी अचानक वारली. एंगल्सने मित्राला कळवले. मार्क्सच्या उत्तरात दुःखाचे दोन शब्द झाले न झाले तोच आपल्या पैशांच्या विवंचनेचे रडगाणे सुरू झाले. एंगल्सला ते फार लागले. मार्क्सने पुढे मनापासून माफी मागितली. त्यानंतर एंगल्सने काय करावे? पेढीकडे आलेली शंभर पौंडांची हुंडी त्याने मार्क्सच्या नावे फिरवून दिली. हे भलते धाडस आहे याची त्याला पुरती कल्पना होती. माझ्या शाखेत कोणी असे केले असते तर मी त्याच दिवशी आरोपपत्र टाइप करायला दिले असते.

वडील १८६० मध्ये वारले. जर्मनीतला घरचा धंदा भावांनी राखला. आईला भाऊबंदकी पाहावी लागू नये म्हणून एंगल्सने त्यावरचा हक्क सोडला, आणि १८६४ मध्ये तो मँचेस्टरच्या पेढीत रीतसर भागीदार झाला. आता तो कारकून उरला नाही, मालक झाला. नफ्यातला वाटा घेणारा.

ते साल आपल्या मुलखालाही विसरता येणार नाही. अमेरिकेतल्या यादवीने तिकडचा कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्या भारताकडे वळल्या, मुंबईत पैशांचा पूर आला आणि त्याचे पाणी दख्खनच्या गावोगाव सावकारी कर्जाच्या रूपाने पोहोचले. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, कर्ज मात्र राहिले. दहा वर्षांनी, १२ मे १८७५ रोजी, जुन्या भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. दौंड याच भीमथडीतले. दंगा शिरूरकडेही पसरला. आमच्या दारावरून गेलेला रेल्वेचा रूळही असाच. जीआयपी कंपनीच्या विलायतेतल्या भागधारकांना सरकारने ५ टक्के परताव्याची हमी दिली होती आणि तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरली जाई. एंगल्सचा त्या दंग्याशी थेट संबंध जोडणे अन्यायाचे होईल. पण लाभांशाचा कागद कोऱ्या हाताने येत नाही, एवढे भीमथडीच्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

एंगल्सलाही ते सांगावे लागत नव्हते. १८६८ च्या शेवटी त्याने मार्क्सला विचारले, एकूण देणे किती आणि वर्षाला ३५० पौंडांत भागेल का? ३० जून १८६९ रोजी तो शेवटचा पेढीत गेला. त्या सकाळी बूट चढवताना तो आनंदाने ओरडला, आणि परतताना शेतातून काठी फिरवत, गात आला. मार्क्सची चौदा वर्षांची मुलगी एलिनॉर तेव्हा पाहुणी म्हणून त्याच्या घरी होती, तिनेच पुढे हे सांगितले. पेढीतून निघताना त्याला साडेबारा हजार पौंड मिळाले. ते त्याने शेअरांत घातले. लँकेशायर-यॉर्कशायर रेल्वे, लंडनची गॅस कंपनी, परदेशी आणि वसाहतींच्या सरकारांचे रोखे घेणारा एक ट्रस्ट. यादी पाहून वाटते, गिऱ्हाईक सावध होते.

१८८३ मध्ये बर्नस्टाइनला लिहिताना त्याने आपली बाजू मांडली. ती थोडक्यात अशी की शेअरबाजार कामगाराला लुटत नाही, आधीच लुटलेले मालकामालकांत फिरवतो, म्हणून समाजवाद्याने तिथे पैसे कमावले तर त्याची माफी मागायचे कारण नाही. मला हा युक्तिवाद अर्धाच पटतो. दलालाला तो लागू असेल, पण रेल्वेचा शेअर वर्षानुवर्षे धरून लाभांश घेणाऱ्याला नाही. आणि मँचेस्टरच्या भागीदाराला तर मुळीच नाही, त्याचा वाटा थेट यंत्रापाशी उभ्या माणसाच्या मजुरीतून निघत होता. एंगल्सचे मोठेपण या युक्तिवादात नसून खर्चाच्या बाजूला आहे. मार्क्स १८८३ मध्ये गेला तेव्हा ‘कॅपिटल’चा एकच खंड छापलेला होता. बाकीची हस्तलिखिते एंगल्सलाच नीट वाचता येत. स्वतःचे लिखाण बाजूला ठेवून त्याने दुसरा खंड १८८५ मध्ये आणि तिसरा १८९४ मध्ये उभा केला. त्या अकरा वर्षांचा घरखर्च त्याच शेअरांनी चालवला.

मुंबईतही हे घडले आहे. तरुण डांग्यांचे ‘गांधी विरुद्ध लेनिन’ हे १९२१ चे पुस्तक वाचून त्यांच्या पाठीशी उभे राहिले ते रणछोडदास लोटवाला हे पिठाच्या गिरणीचे मालक. १९२२ च्या ऑगस्टमध्ये ‘सोशॅलिस्ट’ साप्ताहिक निघाले त्यामागे त्यांची मदत होती. लोटवाला पुढे वेगळ्या विचारांकडे वळले, तो विषय निराळा.

एंगल्स ५ ऑगस्ट १८९५ रोजी लंडनमध्ये घशाच्या कर्करोगाने वारला. मालमत्ता निघाली सुमारे २५ हजार पौंडांची, त्यातली बहुतेक शेअरांत. एक हजार पौंड जर्मन पक्षाला, निवडणुकांसाठी. मोठा वाटा मार्क्सच्या मुली आणि नातवंडांना. घर सांभाळणाऱ्या लुईझलाही बराच. मँचेस्टरच्या गिरणीतल्या कामगारांसाठी त्या मृत्युपत्रात काही नव्हते. अस्थी त्याच्या इच्छेप्रमाणे ईस्टबोर्नजवळ समुद्रात सोडल्या, २७ ऑगस्टला. हवा खराब होती, नावेत चार माणसे होती.