कादंबरीकार हरि नारायण आपटे

कोरपना भागांतील वाचकांस गडचांदुराजवळचा माणिकगड ठाऊक आहेच. रानांतील ते जुने बुरूज पाहिले म्हणजे मनांत येतें कीं, येथें पहारा करणाऱ्या शिपायाच्या घरीं काय चालत असेल? बखरी बहुधा राजे व लढाया सांगतात. घरच्या सुखदुःखाचें चित्र कादंबरीकार काढतो. मराठींत अशा कादंबरीचा आरंभ १८७१ सालीं गुंजीकरांच्या ‘मोचनगड’ या पुस्तकानें झाला. परंतु ती घरोघर नेली हरि नारायण आपटे यांनीं.

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजीं खानदेशांत पारोळें येथें झाला. आई लहानपणींच वारली. मुंबईचे वकील महादेव चिमणाजी आपटे हे त्यांचे चुलते. त्यांच्या आश्रयाखालीं ते वाढले. १८७८ सालीं ते पुण्यास आले. तेथें १८८० सालीं निघालेल्या न्यू इंग्लिश स्कूलमध्यें त्यांस चिपळूणकर, टिळक व आगरकर यांचा सहवास लाभला. चिपळूणकर १८८२ सालीं वारले, तेव्हां या विद्यार्थ्यानें त्यांच्यावर विलापपर काव्य रचलें. संस्कृत काव्यें, तसेंच स्कॉट व डिकन्स यांच्या इंग्रजी कादंबऱ्या ते तहानभूक विसरून वाचीत. गणित मात्र त्यांस साधेना. अखेर पदवी न मिळतांच कॉलेज सुटलें.

तथापि ते खचले नाहींत. चुलत्यांनीं संस्कृत ग्रंथांच्या रक्षणार्थ पुण्यास आनंदाश्रम ही संस्था काढली होती. तिची व्यवस्था त्यांनीं जन्मभर पाहिली. लेखन त्याबरोबरच चालू होतें. १८९० सालीं त्यांनीं ‘करमणूक’ हें साप्ताहिक काढलें. त्यांत आठवड्याआठवड्यानें एकेक भाग देऊन त्यांनीं आपल्या बहुतेक कादंबऱ्या लिहिल्या. पहिली ऐतिहासिक कादंबरी ‘म्हैसूरचा वाघ’ ही मेडोज टेलर या इंग्रज लेखकाच्या टिपू सुलतानावरील पुस्तकाच्या आधारें रचिली होती. पुढें ते स्वतःच्या पायांवर उभे राहिले.

‘उषःकाल’ या कादंबरीचा काळ शिवाजी महाराजांच्या उदयाचा आहे. तींत बाप विजापूरच्या बादशहाचा इमानी किल्लेदार, तर मुलाचें मन नव्या स्वराज्याकडे ओढलेलें. दोघेहि सज्जन, दोघांसहि आपला धर्म खरा वाटतो, आणि घर मात्र दुभंगतें. अशा फाटाफुटीचें दुःख ज्यांनीं आपल्या घरीं सोसलें आहे, त्यांस ही गोष्ट परकी वाटणार नाहीं.

परंतु कादंबरी म्हणजे इतिहास नव्हे, हें विसरूं नये. तानाजीवरील ‘गड आला पण सिंह गेला’ ही त्यांची कादंबरी फार लोकप्रिय झाली. तानाजी १६७० सालीं पडला व त्यावरून गडास सिंहगड हें नांव मिळालें, अशी समजूत आहे; पण त्याच्या मरणापूर्वींच्या पत्रांतहि तें नांव आढळतें. गोष्ट सांगणाऱ्यानें गोष्ट सांगावी; वाचणाऱ्यानें तिचा कागदपत्रांशीं ताळा पाहावा.

आठवड्याच्या तगाद्यानें हरिभाऊंचें नुकसानहि झालें. कथानकें लांबत गेलीं. ‘सूर्यग्रहण’ व ‘कालकूट’ या कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. तरी विजयनगरच्या नाशावरील ‘वज्राघात’ त्यांनीं उतारवयांत पुरी केली.

त्यांची करुणा जुन्या काळापुरती नव्हती. ‘पण लक्षांत कोण घेतो’ या कादंबरींत यमू नांवाची विधवा आपली कहाणी स्वतः सांगते. विधवांचें हें दुःख बाबा पदमनजी या ख्रिस्ती लेखकानें १८५७ सालींच ‘यमुनापर्यटन’ या पुस्तकांत मांडलें होतें.

१९१२ सालीं अकोल्याच्या साहित्यसंमेलनाचें अध्यक्षपद हरिभाऊंस मिळालें. मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांच्या नांवानें मुंबई विद्यापीठांत चालणारीं भाषाविषयक व्याख्यानें १९१५ सालीं त्यांनींच दिलीं. ज्यांस पदवी मिळाली नव्हती, त्यांस विद्यापीठानें शिकविण्यास बोलाविलें! ३ मार्च १९१९ रोजीं पुण्यास त्यांचें देहावसान झालें.

वाचकहो, आपल्या खेड्यांत पुष्कळांचें शिक्षण अर्ध्यावर सुटलेलें असतें, आणि आतां आपल्या हातून काय होणार असें त्यांस वाटतें. हरिभाऊंनीं या आठवड्याचा भाग या आठवड्यांत लिहिला, पुढचा पुढच्या आठवड्यांत. आणि त्या भागांचे ग्रंथ झाले.