कै. रेव्हरंड नारायण वामन टिळक : एका कुटुंबाचा कर्ता पुरुष

टिळकांची भजने आपल्या मंडळ्यांत लहानथोर सर्व गातात. तथापि कवी टिळक जितके परिचित आहेत तितके घरधनी टिळक परिचित नाहीत. ज्यांची घरे ख्रिस्ताच्या नावाकरिता दुभंगली, अशी माणसे आपल्या खेड्यापाड्यांत आहेत. त्यांच्यासाठी टिळकांच्या चरित्राचा हाच भाग येथे सांगावा असे मनात आले.

टिळकांचा जन्म ता. ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुळात झाला. वडील वामनराव तापट होते. आई जानकीबाई प्रेमळ व कवितेची आवड असणारी होती. आईच्या मृत्यूनंतर मुलाचे घरावरचे मन उडाले व तो नाशिकास निघून गेला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्याचा संस्कृताचा अभ्यास झाला. पुढे गोखल्यांच्या घरची अकरा वर्षांची मनकर्णिका त्यांस पत्नी म्हणून मिळाली. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेवले गेले. संसार असा फारसा नव्हताच. टिळक एका जागी टिकत नसत, नोकऱ्या सुटत, आणि लक्ष्मीबाईंस कधी माहेरी तर कधी नातलगांकडे दिवस काढावे लागत.

सन १८९३ मध्ये राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने त्यांस नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन वेधले. ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि तोही त्यांच्या इच्छेप्रमाणे आपल्याच देशातील पाळकाच्या हातून.

ही बातमी ऐकताच लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पदरी तीन-चार वर्षांचा दत्तू. नवरा जिवंत, पण जातीच्या दृष्टीने मेलेला. दुःखाने त्या वेड्यापिशा झाल्या. आता एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सन १८६६ च्या कायद्याप्रमाणे, ज्याची बायको धर्मांतरामुळे नांदावयास येत नाही अशा ख्रिस्ती मनुष्यास न्यायालयात जाऊन विवाह मोडून घेण्याची व पुन्हा लग्न करण्याची मोकळीक होती. टिळकांनी त्या वाटेस पाऊल घातले नाही. ते पत्रे लिहीत, कविता लिहीत, आणि वाट पाहत. अशी सुमारे साडेचार-पाच वर्षे गेली.

शेवटी लक्ष्मीबाई मुलास घेऊन अहमदनगरास आल्या, परंतु ख्रिस्ती होण्याकरिता नव्हे. त्या निराळ्या राहून आपले सोवळे-ओवळे पाळीत, आणि टिळक ते पाळू देत. आमच्यापैकी कित्येक उपदेशकांस इतका धीर निघाला नसता, हे मी माझ्यावरूनच म्हणतो. देवाने माणूस केला आणि जात माणसाने केली, हा विचार पुढे त्या बाईंच्या मनात आपोआप उगवला. मग कोणाच्याही हातचे पाणी त्यांस चालू लागले. सन १९०० मध्ये त्यांचाही बाप्तिस्मा झाला. मोडलेले घर उभे राहिले.

आणि उभे राहिले ते बिनदाराचे! दुष्काळात व प्लेगात पोरकी झालेली मुले त्या घरी आली. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, ज्यांस सन १९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनात बालकवी ही पदवी मिळाली, तेही कित्येक दिवस त्या घरचे मूल होऊन राहिले. ते अखेरपर्यंत हिंदूच होते. टिळकांच्या हाती पगार आला की वाटेतच तो कोणा गरजवंताच्या पदरी पडे, आणि चुलीची काळजी लक्ष्मीबाईंनी वाहावी. हे औदार्य खरे. पण त्याचे अर्धे मोल त्या माउलीने भरले, हेही खरे. टिळकांचा रागही वडिलांसारखाच चटकन भडके व चटकन विझे. लक्ष्मीबाईंनी आपल्या स्मृतिचित्रांत यातले काहीच लपविलेले नाही, आणि तरी ते पुस्तक वाचून टिळकांवरचे आपले प्रेम वाढतेच.

सन १९१२ पासून टिळकांनी ज्ञानोदयाच्या मराठी भागाचे संपादन केले. सन १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी संन्यास घेतला व साताऱ्यास देवाच्या दरबाराची स्थापना केली. बाप्तिस्मा न घेतलेल्या येशूभक्तांसही त्यात जागा होती. ता. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

ख्रिस्तायन या त्यांच्या महाकाव्याचे आरंभीचे दहा-अकरा अध्यायच तेव्हा लिहून झाले होते. ज्या मुलीस लग्नाच्या वेळी अक्षरओळख नव्हती व जिला टिळकांनीच वाचावयास लावले, तिने वार्धक्यात पुढील साठांहून अधिक अध्याय रचून ते काम हातावेगळे केले. सन १९३६ च्या फेब्रुवारीत त्याही गेल्या; ग्रंथ छापून निघाला तो सन १९३८ मध्ये.