एन्रिके मोस्कोनी

एन्रिके मोस्कोनी (पूर्ण नाव: एन्रिके कार्लोस आल्बेर्तो मोस्कोनी, २१ फेब्रुवारी १८७७ – ४ जून १९४०) हे आर्जेन्टिनाचे सेनाधिकारी व स्थापत्य अभियंता होते. यासिमिएन्तोस पेत्रोलिफेरोस फिस्कालेस (वायपीएफ) या सरकारी तेल कंपनीचे पहिले महासंचालक म्हणून ते विशेष ओळखले जातात. कारकिर्दीच्या अखेरीस त्यांनी सोव्हिएत संघाकडून पेट्रोल घेऊन त्या मोबदल्यात आर्जेन्टिनाचा शेतमाल व पशुजन्य माल देण्याचा करार करण्याचा प्रयत्न केला. १९३० सालच्या लष्करी उठावामुळे तो अमलात आला नाही.

प्रारंभिक जीवन

मोस्कोनी यांचा जन्म बुएनोस आइरेस येथे झाला. त्यांचे वडील मूळचे इटलीतील अभियंता होते. १८९१ साली ते लष्करी विद्यालयात दाखल झाले आणि पायदळात अधिकारी झाले. सैन्यात असतानाच त्यांनी बुएनोस आइरेस विद्यापीठातून स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी मिळविली. पुढे सरकारने त्यांना युरोपात पाठविले. तेथे त्यांनी वायू, जलशक्ती व वीजनिर्मिती या विषयांचा अभ्यास केला. १९२० साली ते सेनेच्या विमानविभागाचे संचालक झाले.

तेलाच्या प्रश्नाकडे ते वळले ते याच पदावर असताना. ऑगस्ट १९२२ मध्ये एल पालोमार येथील विमानतळासाठी त्यांनी वेस्ट इंडिया ऑइल कंपनीकडे इंधन मागितले, तेव्हा आगाऊ रोख रक्कम भरल्याशिवाय माल मिळणार नाही, असे उत्तर आले. (नावात 'इंडिया' असले तरी या कंपनीचा भारताशी संबंध नव्हता, ती स्टँडर्ड ऑइल समूहाची शाखा होती.) देशाच्या सेनेची विमाने एका परदेशी विक्रेत्याच्या मर्जीवर उडतात, ही बाब त्यांच्या मनाला लागली. तेल कंपन्यांची मक्तेदारी मोडण्याचा निश्चय आपण त्या दिवशी केला, असे त्यांनी पुढे आपल्या ग्रंथात नमूद केले आहे.

वायपीएफ

आर्जेन्टिनात १३ डिसेंबर १९०७ रोजी कोमोदोरो रिवादाविया येथे तेल सापडले होते, परंतु उत्पादन गरजेच्या मानाने तोकडे होते. राष्ट्राध्यक्ष इपोलितो इरिगोयेन यांनी जून १९२२ मध्ये वायपीएफची स्थापना केली. त्यांच्यानंतर आलेले राष्ट्राध्यक्ष मार्सेलो अल्वेआर यांनी ऑक्टोबरमध्ये मोस्कोनी यांची तेथे नेमणूक केली. त्यांच्या आठ वर्षांच्या कारकिर्दीत कंपनीचे कच्च्या तेलाचे वार्षिक उत्पादन सुमारे ३.५ लाख घनमीटरांवरून १९२९ पर्यंत सुमारे ८.७ लाख घनमीटरांवर गेले. ला प्लाता येथील शुद्धीकरण कारखाना डिसेंबर १९२५ मध्ये सुरू झाला. १ ऑगस्ट १९२९ रोजी वायपीएफने पेट्रोलचे दर उतरविले आणि खासगी कंपन्यांनाही दर खाली आणणे भाग पडले.

सोव्हिएत पेट्रोलचा करार

दर उतरवून बाजार ताब्यात ठेवायचा, तर विकायला पुरेसे पेट्रोल हवे होते, आणि वायपीएफचे स्वतःचे उत्पादन त्यास पुरणारे नव्हते. कमी पडणारा माल स्टँडर्ड ऑइल किंवा रॉयल डच शेलकडून घेणे म्हणजे ज्यांच्याशी लढायचे त्यांच्याच हाती नाड्या देणे. या दोन समूहांच्या कक्षेबाहेरचा त्या काळातील एक मोठा विक्रेता म्हणजे सोव्हिएत संघ. पंचवार्षिक योजनेसाठी लागणारी यंत्रसामग्री विकत घेता यावी म्हणून तो बाकू परिसरातील तेल मिळेल त्या बाजारात विकत होता. भारतातील रॉकेलच्या बाजारातही १९२७ च्या सुमारास सोव्हिएत मालावरून याच दोन समूहांत दरयुद्ध पेटले होते.

या व्यवहारात सोव्हिएत बाजूने बुएनोस आइरेस येथील युयामतोर्ग ही व्यापारी संस्था होती. दोन्ही देशांत तेव्हा राजनैतिक संबंध नव्हते; ते १९४६ साली प्रस्थापित झाले. तरीही ही संस्था आर्जेन्टिनातून कातडी, लोकर आणि कातडी कमावण्यासाठी लागणारा क्वेब्राचो झाडाचा अर्क खरेदी करीत असे. १९३० साली ठरलेल्या मसुद्यानुसार ती दरवर्षी २,५०,००० टन पेट्रोल बुएनोस आइरेस बंदरात लिटरला ११ सेंटाव्हो दराने पोहोचविणार होती व मोबदल्यात असाच माल नेणार होती. गव्हाला या देवाणघेवाणीत मध्यवर्ती स्थान मिळणे शक्य नव्हते, कारण त्या वर्षी सोव्हिएत संघ स्वतःच गव्हाची निर्यात करून आर्जेन्टिनाशी स्पर्धा करीत होता. मात्र जागतिक मंदीने कातडी व लोकर यांचे भाव कोसळले असता डॉलर किंवा पौंड खर्च न करता इंधन मिळणे ही आर्जेन्टिनाच्या दृष्टीने मोठी सोय होती. मालाच्या बदल्यात माल या जुन्याच पद्धतीचा मोस्कोनी यांनी येथे मक्तेदारीविरुद्ध शस्त्र म्हणून उपयोग करू पाहिला, हे या कराराचे खरे वैशिष्ट्य होय.

६ सप्टेंबर १९३० रोजी जनरल खोसे फेलिक्स उरिबुरू यांनी इरिगोयेन यांचे सरकार उलथून टाकले. मेन्दोसा व सान ह्वान प्रांतांत दुसऱ्याच दिवशी निवडणुका व्हावयाच्या होत्या आणि सिनेटमध्ये अडकलेले तेलाच्या राष्ट्रीयीकरणाचे विधेयक त्यांच्या निकालावर अवलंबून होते. त्यामुळे उठावामागे तेल कंपन्या होत्या, असे आर्जेन्टिनात वारंवार म्हटले जाते. हा योगायोग लक्षणीय असला तरी मंदी, वृद्ध इरिगोयेन यांचा ढिसाळ कारभार आणि सेनेतील असंतोष ही कारणे उठावासाठी पुरेशी होती. करार मात्र बारगळला. जुलै १९३१ मध्ये पोलिसांनी युयामतोर्गच्या कार्यालयावर छापा घातला आणि तिचा आर्जेन्टिनातील कारभार संपला.

अखेरचे दिवस

उठावाला पाठिंबा न देता मोस्कोनी यांनी राजीनामा दिला. नव्या राजवटीने त्यांना युरोपात पाठविले. परतल्यावर त्यांच्याकडे नेमबाजी व व्यायाम विभागाचे दुय्यम काम सोपविण्यात आले. वायपीएफमधील अनुभवांवरील त्यांचा ग्रंथ १९३६ साली प्रसिद्ध झाला. पक्षाघाताने अपंग झालेल्या अवस्थेत त्यांचे बुएनोस आइरेस येथे निधन झाले.

१९२८ च्या सुमारास त्यांनी लॅटिन अमेरिकेतील अनेक देशांचा दौरा करून सरकारी तेल कंपन्यांचा पुरस्कार केला होता. उरुग्वेने १९३१ मध्ये अशी कंपनी स्थापन केली. बोलिव्हियाने १९३६ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीचे नावही वायपीएफवरूनच घेतले. आर्जेन्टिना व सोव्हिएत संघ यांच्यातील व्यापार करार शेवटी ऑगस्ट १९५३ मध्ये, ह्वान पेरोन यांच्या कारकिर्दीत झाला. त्यात सोव्हिएत बाजूच्या मालात कच्चे तेल होते, तर आर्जेन्टिनाच्या बाजूला पुन्हा कातडी व लोकरच होती.