विष्णू नारायण भातखंडे

विष्णू नारायण भातखंडे (१० ऑगस्ट १८६०, वाळकेश्वर, मुंबई – १९ सप्टेंबर १९३६, मुंबई) हे हिंदुस्थानी संगीताचे शास्त्रकार, संग्राहक आणि शिक्षणतज्ज्ञ होते. रागांचे दहा थाटांत वर्गीकरण करणारी पद्धती आणि बंदिशी कागदावर उतरविण्याची स्वरलिपी ही त्यांची प्रमुख कामगिरी होय. संगणकाच्या साहाय्याने हिंदुस्थानी संगीताची रचनाप्रक्रिया अभ्यासताना त्यांची स्वरलिपी आज आधारभूत ठरली आहे.

बालपण आणि शिक्षण

भातखंडे यांनी तरुणपणी वल्लभदास यांच्याकडे सतारीचे शिक्षण घेतले. १८८४ मध्ये ते पारशी रसिकांनी मुंबईत स्थापन केलेल्या गायन उत्तेजक मंडळीचे सभासद झाले. तेथे रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून त्यांना अनेक ध्रुपदे मिळाली. १८८५ मध्ये बी. ए. आणि १८८७ मध्ये एल्‌एल. बी. झाल्यावर त्यांनी काही काळ कराचीत आणि नंतर मुंबईत वकिली केली. १९०० मध्ये पत्नीचे आणि १९०३ मध्ये एकुलत्या एका मुलीचे निधन झाले. त्यानंतर त्यांनी उर्वरित आयुष्य संगीतकार्याला वाहिले.

संशोधन दौरे

त्या काळी बंदिशी घराण्यांत मुखोद्गत असत. गायकाबरोबर त्याचे संचितही नाहीसे होण्याचा धोका होता. एकाच रागाचे स्वर वेगवेगळ्या घराण्यांत वेगळे सांगितले जात, आणि जुन्या संस्कृत ग्रंथांचा प्रचलित गायनाशी मेळ बसत नसे. ही तफावत समजून घेण्यासाठी भातखंडे यांनी १९०४ मध्ये दक्षिण भारताचा दौरा केला. एट्टयपुरम येथे त्यांची सुब्बराम दीक्षितर यांच्याशी भेट झाली. व्यंकटमखी यांच्या सतराव्या शतकातील ‘चतुर्दंडिप्रकाशिका’ या ग्रंथातील ७२ मेळांच्या योजनेचा त्यांच्यावर मोठा प्रभाव पडला. १९०७ मध्ये त्यांनी नागपूर, हैदराबाद, कलकत्ता आदी ठिकाणी जाऊन विद्वानांशी चर्चा केली. पुढे रामपूर दरबारातील वझीर खाँ आणि जयपूरच्या मनरंग परंपरेतील महंमद अली खाँ यांच्याकडून त्यांनी बंदिशी मिळविल्या.

थाटपद्धती

षड्ज आणि पंचम अचल मानले, तर रिषभ, गांधार, मध्यम, धैवत व निषाद यांची प्रत्येकी दोन रूपे उरतात. त्यांच्यापासून सात स्वरांचे एकूण ३२ थाट संभवतात. प्रचारातील रागांसाठी भातखंडे यांनी त्यांपैकी बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी हे दहा निवडले. ही मांडणी त्यांनी ‘चतुर पंडित’ या नावाने लिहिलेल्या ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ या संस्कृत ग्रंथात आणि ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ या चार भागांच्या मराठी ग्रंथात केली. मराठी ग्रंथ गुरू-शिष्य संवादाच्या रूपात आहे.

स्वरलिपी

भातखंडे लिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकासाठी खाली टिंब आणि तार सप्तकासाठी वर टिंब देतात. सम गुणाकाराच्या चिन्हाने आणि खाली शून्याने दाखवितात. या लिपीत त्यांनी ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांतून सुमारे १,८०० बंदिशी प्रसिद्ध केल्या.

परिषदा व संस्था

त्यांच्या प्रयत्नांतून १९१६ मध्ये बडोदे येथे सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. ग्वाल्हेरचे माधव संगीत महाविद्यालय (१९१८) आणि लखनौचे मॅरिस कॉलेज (१९२६) यांच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. मॅरिस कॉलेजचे प्राचार्यपद पुढे त्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी सांभाळले. ही संस्था आज भातखंडे यांच्या नावाचे विद्यापीठ आहे.

टीका

रागाचे चलन, मींड आणि श्रुतींचे सूक्ष्म भेद दहा थाटांच्या चौकटीत मावत नाहीत, असा आक्षेप ओंकारनाथ ठाकूर यांच्यासह अनेकांनी घेतला. मुस्लिम उस्तादांच्या शास्त्रज्ञानाविषयी भातखंडे यांनी केलेली कठोर विधानेही अलीकडच्या इतिहासकारांच्या टीकेचा विषय झाली आहेत.

संगणकीय संगीत अभ्यासातील स्थान

संगणकाला बंदिशीचे विश्लेषण करावयाचे, तर स्वर, सप्तक आणि मात्रा निश्चित चिन्हांत मांडाव्या लागतात. भातखंडे लिपीत हे काम आधीच झालेले होते. जॉर्जिया टेक या अमेरिकी संस्थेतील पराग चोरडिया यांनी २००७ च्या सुमारास ‘हमड्रम’ या संगीत-विश्लेषण प्रणालीसाठी तिच्यावर आधारित संकेतलेखन तयार केले आणि भातखंडे यांच्या नावावरून त्याला ‘भट’ अशी खूण दिली. अशा लेखनातून कोणत्या स्वरानंतर कोणता स्वर किती वेळा येतो हे मोजता येते आणि त्या प्रमाणानुसार संगणकाकडून नवी स्वरावली रचवून घेता येते.

मात्र केवळ स्वरांची यादी पुरेशी नसते. भूपाली आणि देशकार या दोन्ही रागांत सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर आहेत. भातखंडे यांनी भूपाली कल्याण थाटात ठेवून त्याचा वादी गांधार मानला, तर देशकार बिलावल थाटात ठेवून त्याचा वादी धैवत मानला. स्वर तेच असूनही राग वेगळा का, हा प्रश्न संगणकीय रागओळखीतही कसोटीचा ठरतो. लिपीत न उतरणारी मींड व आंदोलने टिपण्यासाठी बार्सिलोना येथून २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘कॉम्पम्युझिक’ प्रकल्पासारख्या उपक्रमांत प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणांचाही अभ्यास झाला.

अखेर

१९३३ मध्ये भातखंडे यांना पक्षाघाताचा झटका आला. १९ सप्टेंबर १९३६ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. भारतीय टपाल खात्याने १९६१ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.