थिओडोर बोव्हेरी

थिओडोर हाइनरिख बोव्हेरी (१२ ऑक्टोबर १८६२ – १५ ऑक्टोबर १९१५) हे जर्मन प्राणिशास्त्रज्ञ आणि पेशीविज्ञानाच्या आद्य संशोधकांपैकी एक होते. गुणसूत्रे ही आनुवंशिकतेची वाहक असतात आणि प्रत्येक गुणसूत्राचे कार्य वेगळे असते, हे दाखवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. पेशीतील गुणसूत्रांचा समतोल बिघडल्यामुळे कर्करोग उद्भवतो, असा सिद्धान्त त्यांनी १९१४ मध्ये मांडला. बोव्हेरी हे वैद्य नव्हते. समुद्री अर्चिन या प्राण्याच्या अंड्यांवरील प्रयोगांवरून ते या निष्कर्षाप्रत आले होते. सिद्धान्ताचा पडताळा पाहणे त्यांच्या आयुष्यात शक्य झाले नाही.

जन्म व शिक्षण

बोव्हेरी यांचा जन्म बव्हेरियातील बांबर्ग येथे झाला. चार भावांत ते दुसरे. त्यांचे बंधू वॉल्टर बोव्हेरी हे पुढे स्वित्झर्लंडमधील ब्राउन, बोव्हेरी या विद्युत अभियांत्रिकी कंपनीचे सहसंस्थापक झाले. शालेय शिक्षण बांबर्ग व न्यूरेंबर्ग येथे पूर्ण करून थिओडोर १८८१ मध्ये म्यूनिक विद्यापीठात दाखल झाले. आरंभी त्यांचा ओढा इतिहास व तत्त्वज्ञानाकडे होता. पण लवकरच ते शरीररचनाशास्त्र आणि निसर्गविज्ञानाकडे वळले. चित्रकला व पियानोवादन यांतही त्यांना चांगली गती होती. मज्जातंतूंवरील प्रबंधासाठी त्यांना १८८५ मध्ये डॉक्टरेट मिळाली. त्यानंतर मिळालेल्या लामॉन्ट शिष्यवृत्तीमुळे त्यांना निर्वेधपणे संशोधन करता आले. रिखार्ड हेर्टविख यांच्या प्राणिशास्त्र संस्थेत त्यांनी पेशींचा अभ्यास सुरू केला.

जंताच्या अंड्यांवरील संशोधन

घोड्याच्या आतड्यात आढळणाऱ्या ॲस्कॅरिस या जंताच्या पेशींत गुणसूत्रे अगदी थोडी आणि आकाराने मोठी असतात. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचा मागोवा घेणे सोपे जाते. बेल्जियन शास्त्रज्ञ एदुआर व्हान बेनेडेन यांनी याच जंतावर महत्त्वाचे काम केले होते. बोव्हेरी यांनी ते पुढे नेले.

पेशीविभाजन संपले की गुणसूत्रे दिसेनाशी होतात आणि पुढील विभाजनाच्या वेळी पुन्हा दिसू लागतात. मधल्या काळात ती विरघळून जातात, असे अनेकांचे मत होते. ती ज्या मांडणीत नाहीशी होतात त्याच मांडणीत पुन्हा प्रकट होतात, हे बोव्हेरी यांनी दाखवले. यावरून गुणसूत्रे हे टिकून राहणारे स्वतंत्र घटक आहेत, असे त्यांनी प्रतिपादन केले. विभाजनाच्या वेळी पेशीच्या दोन ध्रुवांशी असणाऱ्या घटकाला त्यांनी १८८८ मध्ये सेंट्रोसोम हे नाव दिले. फलनाच्या वेळी हा घटक शुक्रपेशीकडून अंड्यात येतो, हेही त्यांनी स्पष्ट केले.

वुर्झबुर्गमधील कारकीर्द

१८९३ मध्ये, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी, बोव्हेरी यांची वुर्झबुर्ग विद्यापीठात प्राध्यापकपदी नियुक्ती झाली. अखेरपर्यंत ते तेथेच राहिले. पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे हान्स श्पेमान हे त्यांचे विद्यार्थी होत. लिंगनिश्चितीच्या गुणसूत्रांचा शोध लावणाऱ्या अमेरिकन संशोधक नेटी स्टीव्हन्स यांनीही त्यांच्या प्रयोगशाळेत काम केले. मार्सेला ओ'ग्रेडी या अमेरिकन जीवशास्त्रज्ञ १८९६ मध्ये संशोधनासाठी वुर्झबुर्गला आल्या. १८९७ मध्ये त्यांचा बोव्हेरी यांच्याशी विवाह झाला आणि पुढील अनेक प्रयोगांत त्या पतीच्या सहकारी होत्या. त्यांची कन्या मार्गरेट बोव्हेरी या नामवंत पत्रकार झाल्या.

समुद्री अर्चिनवरील प्रयोग

इटलीतील नेपल्स येथील प्राणिशास्त्रीय संशोधन केंद्रात बोव्हेरी वारंवार जात असत. कर्करोगाविषयीच्या त्यांच्या विचाराचा पाया तेथील प्रयोगांत आहे.

समुद्री अर्चिनच्या अंड्यात सामान्यतः एकच शुक्रपेशी शिरते. शुक्रपेशींचे प्रमाण वाढवले तर काही अंड्यांत दोन शुक्रपेशी शिरतात. अशा अंड्यात गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच येतात आणि विभाजनाचे ध्रुवही दोनऐवजी चार होतात. परिणामी अंडे एकदम चार पेशींत विभागले जाते व गुणसूत्रांची वाटणी कशीही होते. एखाद्या पेशीला एका प्रकारची जास्त गुणसूत्रे मिळतात, तर दुसऱ्या प्रकारचे एकही मिळत नाही. असे गर्भ बहुधा विकृत होऊन मरतात.

हा दोष गुणसूत्रांच्या संख्येचा की प्रकारांचा, हे ठरवणे आवश्यक होते. गुणसूत्रांचा एकच संच असलेले गर्भही बऱ्यापैकी वाढतात, हे आधीच माहीत होते. म्हणजे केवळ संख्या कमी होणे घातक नव्हते. बोव्हेरी यांनी दुहेरी फलन झालेल्या अंड्यांच्या पहिल्या चार पेशी एकमेकींपासून अलग केल्या व प्रत्येक पेशी स्वतंत्र वाढू दिली. एकाच अंड्याच्या या चार पेशी चार वेगळ्या रीतींनी वाढल्या. अंडी हलवून त्यांनी काहींमध्ये चारऐवजी तीनच ध्रुव निर्माण केले. या अंड्यांत प्रत्येक पेशीला पूर्ण संच मिळण्याची शक्यता अधिक असते आणि त्यांच्यापासून सुदृढ गर्भ होण्याचे प्रमाणही बरेच अधिक आढळले.

१९०२ मध्ये त्यांनी यावरून निष्कर्ष काढला, की प्रत्येक गुणसूत्राचे गुणधर्म वेगळे असतात आणि सामान्य वाढीसाठी सर्व प्रकारची गुणसूत्रे असणे आवश्यक असते. त्याच सुमारास अमेरिकेत वॉल्टर सटन यांनी नाकतोड्यांच्या पेशींच्या अभ्यासातून गुणसूत्रांचा मेंडेलच्या नियमांशी संबंध जोडला. त्यामुळे आनुवंशिकतेचा गुणसूत्र सिद्धान्त हा बोव्हेरी–सटन सिद्धान्त म्हणून ओळखला जातो.

कर्करोगाविषयीचा सिद्धान्त

कर्करोगाच्या पेशींत असमान विभाजने दिसतात, हे डेव्हिड फॉन हान्झेमान या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने १८९० मध्ये नोंदवले होते. आपल्या अर्चिनच्या गर्भांशी असलेले त्यांचे साम्य बोव्हेरी यांच्या लक्षात आले. गुणसूत्रांच्या चुकीच्या वाटणीने बहुतेक पेशी मरतात; पण एखादी पेशी जगली आणि तिच्या विभाजनावरील नियंत्रण तेवढे नष्ट झाले, तर ती अर्बुदाचे मूळ ठरेल, असा हा विचार होता. १९०२ च्या लेखातही त्यांनी त्याचा उल्लेख केला होता. मात्र सविस्तर मांडणी करण्यास त्यांनी बारा वर्षे घेतली. मारक अर्बुदांच्या उत्पत्तीवरील त्यांचे छोटेखानी जर्मन पुस्तक १९१४ मध्ये येना येथून प्रसिद्ध झाले.

त्यातील प्रतिपादनानुसार अर्बुद एकाच पेशीपासून सुरू होते आणि तिच्यातील दोष पुढील सर्व पेशींत उतरतो. काही गुणसूत्रे विभाजनाला चालना देतात, तर काही ते रोखून धरतात. रोखणारी गुणसूत्रे गमावली किंवा चालना देणारी वाढली, तर पेशी अमर्याद विभागत राहते. गुणसूत्रांतील दोष आनुवंशिक असू शकतो, अशी शक्यताही त्यांनी विचारात घेतली होती.

हे पुस्तक प्रामुख्याने तर्कावर आधारलेले होते. अर्बुदांवर त्यांचे स्वतःचे प्रयोग फारसे नव्हते. मानवी पेशींतील गुणसूत्रे नेमकी मोजण्याचे तंत्रही तेव्हा नव्हते. ही संख्या ४६ असल्याचे १९५६ मध्ये निश्चित झाले. त्यामुळे त्या काळी हा सिद्धान्त तपासून पाहणे जवळजवळ अशक्य होते.

अखेरची वर्षे

बोव्हेरी यांना तरुणपणापासून मानसिक थकवा व नैराश्याचा त्रास होता; नंतर इतर विकारांची भर पडली. बर्लिन येथे स्थापन होणाऱ्या कैसर विल्हेल्म जीवशास्त्र संस्थेचे संचालकपद त्यांना देऊ करण्यात आले होते. संस्थेची आखणी व शास्त्रज्ञांची निवड यांत त्यांनी पुढाकार घेतला. परंतु प्रकृतीच्या कारणास्तव १९१३ मध्ये ते पद नाकारले. पहिले महायुद्ध चालू असताना, १५ ऑक्टोबर १९१५ रोजी, वयाची त्रेपन्न वर्षे पूर्ण झाल्यानंतर तिसऱ्याच दिवशी वुर्झबुर्ग येथे त्यांचे निधन झाले. मार्सेला बोव्हेरी पुढे अमेरिकेत परतल्या. त्यांनी केलेला पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद १९२९ मध्ये प्रसिद्ध झाला.

सिद्धान्ताचा पडताळा

पीटर नोवेल व डेव्हिड हंगरफर्ड यांना १९६० मध्ये एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात नेहमीपेक्षा लहान गुणसूत्र आढळले. ते फिलाडेल्फिया गुणसूत्र म्हणून ओळखले जाते. गुणसूत्र क्रमांक ९ व २२ यांच्यात तुकड्यांची अदलाबदल झाल्याने ते तयार होते, हे जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवले. या अदलाबदलीतून बनणाऱ्या प्रथिनाला रोखणारे इमॅटिनिब हे औषध २००१ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. रुग्णाच्या पेशींतील गुणसूत्रीय बदल पाहून औषध निवडणे त्यामुळे शक्य झाले. काही रुग्णांत त्याच जनुकात नवे बदल होऊन औषध निष्प्रभ ठरते. तेव्हा दुसरे औषध निवडावे लागते. दरम्यान, १९७१ मध्ये आल्फ्रेड नुडसन यांनी डोळ्याच्या कर्करोगाच्या अभ्यासातून, विभाजन रोखणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी होण्याची कल्पना मांडली. बोव्हेरी यांच्या विभाजन रोखणाऱ्या गुणसूत्रांशी तिचे जवळचे नाते आहे.

सिद्धान्ताचा काही भाग मात्र सुधारावा लागला. बोव्हेरी यांचा भर संपूर्ण गुणसूत्रांच्या फेरफारावर होता. सूक्ष्मदर्शकाखाली न दिसणारे जनुकांतील बारीक बदलही कर्करोगास पुरेसे ठरतात आणि बहुध्रुवी विभाजन हा त्याचा एकमेव मार्ग नाही, हे नंतर स्पष्ट झाले. बहुतेक घन अर्बुदांत गुणसूत्रांची संख्या बिघडलेली आढळते. पण हा बिघाड रोगाचे कारण किती आणि परिणाम किती, यावर अद्याप संशोधन चालू आहे. २००६ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या द कॅन्सर जीनोम ॲटलस या प्रकल्पाने हजारो अर्बुदांची जनुकीय माहिती एकत्र केली असून अशा प्रश्नांसाठी तिचा उपयोग होतो.

वुर्झबुर्ग विद्यापीठातील जीवविज्ञान संस्थेला बोव्हेरी यांचे नाव देण्यात आले आहे.